घरी बांधलेल्या विमानाचं वायरिंग: दोष कुठल्या क्रमाने शोधायचा

चार्जिंग दिसत नाही म्हणून रेग्युलेटर बदलला. फरक पडला नाही म्हणून बॅटरी बदलली. व्होल्टमीटर तरीही साडेबारावरच, मग स्टेटरवर (जनरेटरच्या स्थिर कॉइलवर) संशय. शेवटी सापडलं काय, तर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आडव्या भिंतीच्या) रंगावरच आवळलेलं निगेटिव्हचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. नाशिक परिसरात छोटी विमानं बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींची गाडी बहुतेक वेळा याच वाटेने जाते. एकेक नग बदलत जाणं म्हणजे दोष शोधणं नव्हे. त्यात पैसे जातात, आणि प्रत्येक नग काढताना जवळची दोन चांगली कनेक्शनं सैल होतात ते वेगळंच.

पुढचा क्रम १२ व्होल्टच्या साध्या यंत्रणेसाठी आहे: रोटॅक्स ९१२ च्या वर्गातलं कार्ब्युरेटरचं इंजिन, त्यातच बसवलेला जनरेटर, वेगळा रेग्युलेटर, एक बॅटरी. जबिरू किंवा लायकमिंग असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. इंधन-इंजेक्शनच्या ९१२ आयएससारख्या इंजिनांना मात्र चालत राहायलाच वीज लागते. त्यांच्यासाठी इंजिनाच्या मॅन्युअलमधलीच पद्धत वापरा, हा लेख पुरणार नाही. आणि कुठल्याही आकड्यावर मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल, तर मॅन्युअल खरं.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

नकाशा. विमानात आज जे वायरिंग आहे त्याचा नकाशा हवा. किटबरोबर आलेला कागद बांधताना झालेल्या बदलांमुळे केव्हाच जुना झालेला असतो. प्रत्येक वायरला नंबर, दोन्ही टोकांना तोच नंबर, नकाशावरही तोच. नसेल तर पहिला दिवस फक्त यावर घालवा, मीटरला हात लावू नका.

लोडचा तक्ता. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं ते क्लॅम्प मीटरने मोजून लिहा. डीसी मोजणारा क्लॅम्प घ्या. घरगुती कामाचे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. या तक्त्यात हमखास राहून जाणारा नग म्हणजे मास्टर कॉन्टॅक्टर, म्हणजे मास्टर स्विचने चालणारा, बॅटरीला बाकी यंत्रणेशी जोडणारा मोठा रिले. त्याची कॉइल स्वतःच पाऊण ते एक अँपिअर खाते, तीही मास्टर चालू असेपर्यंत सतत. रोटॅक्स ९१२ चा जनरेटर २५० वॉटचा, म्हणजे जेमतेम १८ ते २० अँपिअर, आणि तेवढे इंजिनाच्या उंच फेऱ्यांवरच (आरपीएम). सततचा लोड १५-१६ अँपिअरच्या पुढे जात असेल, तर तुमच्याकडे दोष नाही, हिशेब चुकलेला आहे. तो मीटरने सापडणार नाही.

हत्यारं. चांगला डिजिटल मल्टिमीटर (किमान-कमाल वाचन साठवणारा असेल तर उत्तम), डीसी क्लॅम्प, इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून, थिंबल वायरीवर दाबून बसवायचं (क्रिम्प करायचं) रॅचेटचं टूल, दोन-तीन मीटर लांबीची मगर-चिमट्याची वायर, आरसा, टॉर्च. दुकानात मिळणारा निऑन टेस्टर खिशातच राहू द्या, १२ व्होल्टवर तो पेटत नाही.

> सावधान: प्रोपेलर. रोटॅक्सचं किंवा मॅग्नेटोचं इग्निशन बॅटरीवर चालत नाही. स्विच बंद करणं म्हणजे त्याची किल वायर बॉडीला टेकवणं. ती वायर तुटलेली असेल तर स्विच बंद, मास्टर बंद, बॅटरी काढून ठेवलेली, तरीही इग्निशन जिवंत असतं. वायरिंगचं काम चालू असताना प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि ‘जरा फिरवून बघ रे’ म्हणायचं नाही. चाकांना अडथळे, शेपटीला दोर, मगच काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडा.

> सावधान: मेगर. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून आलेल्या इलेक्ट्रिशियनचा हात सवयीने मेगरकडे, म्हणजे जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरकडे जातो. विमानातली उपकरणं जोडलेली असताना ५०० व्होल्टचा मेगर लावला, तर रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि डिस्प्ले एका झटक्यात जातील. मेगर शेडच्या बाहेर ठेवा.

आणखी एक, ओळखीच्या कारागिरांबद्दल. नाशिकला पॅनल-वायरिंग करणारे हात उत्तम आहेत, पण कंट्रोल पॅनल भिंतीला उभं असतं आणि थरथरत नाही. पीव्हीसी वायर, फेरूल घालून स्क्रूच्या टर्मिनल पट्टीत खोचलेली टोकं, सुंदर सरळ वळणं: पॅनलमध्ये शोभणाऱ्या या गोष्टी इंजिनाच्या पुढ्यात काही तासांत सैल होतात. शिवाय पीव्हीसी जळली तर तिचा धूर बंद कॉकपिटमध्ये घातक ठरतो. टेफझेल आवरणाची, कलई केलेल्या बारीक तारांची, १५० अंश सेल्सिअसपर्यंतची विमानाची वायरच वापरा. ऑटो-इलेक्ट्रिशियनची ‘पीळ मारून टेप गुंडाळ’ पद्धत तर बोलायलाच नको.

## टप्पा २: तक्रार नीट लिहून घ्या

‘चार्जिंग जातं’ ही तक्रार नाही. ‘उड्डाणानंतर वीस मिनिटांनी, इंजिन तापल्यावर, व्होल्ट १४.१ वरून १२.४ ला येतात, लँडिंग लाइट बंद केला की परत येतात’ ही तक्रार आहे. दोष कधी येतो, कशानंतर येतो, कशाने जातो आणि त्याच वेळी दुसरं काय बिघडतं, एवढं तरी लिहा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वात मोलाचं. लाइट लावल्याबरोबर तेलाचं तापमान दहा अंशांनी चढलेलं दिसलं, तर तेल काही क्षणार्धात तापलेलं नसतं. सेन्सरच्या निगेटिव्ह वाटेत प्रतिकार आहे आणि लाइटचा करंट त्याच वाटेने परत जातोय. अशी एक नोंद तुम्हाला सरळ टप्पा ४ वर नेते, दोन दिवस वाचतात.

## टप्पा ३: बॅटरी

इथे सगळे जण जी चूक करतात ती म्हणजे चार्जरवरून काढल्याकाढल्या व्होल्ट मोजणं. तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. बॅटरी काही तास, जमलं तर रात्रभर मोकळी ठेवा, मग मोजा. भरलेली एजीएम लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.७ ते १२.८ दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी नीट चार्ज करा. कमी भरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर आकडे वेगळे: विश्रांतीत १३.३ च्या आसपास. तिचं व्होल्टेज जवळजवळ रिकामी होईपर्यंत फारसं उतरत नाही, म्हणून नुसत्या व्होल्टवरून ती किती भरली आहे ते कळत नाही. तिला लेड-ॲसिडचा ‘डिसल्फेशन’वाला चार्जर लावू नका.

मग लोडखाली. दोन्ही इग्निशन बंद ठेवून स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवा आणि मीटर थेट बॅटरीच्या खुंट्यांवर धरा. केबलच्या थिंबलवर नको, शिशाच्या खुंटीवर. दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित. स्पार्क प्लगच्या टोप्या काढून स्टार्टर फिरवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर इग्निशनचे मॉड्यूल खराब होतात.

वर्षातून एकदा क्षमता मोजा. जनरेटर बंद पडला तर जे चालू ठेवाल तेवढंच चालू करा (रेडिओ, एक डिस्प्ले, ट्रान्सपाँडर) आणि ११ व्होल्ट येईपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळावर बघा. लेबलवरचे १२ अँपिअर-तास हा नव्या बॅटरीचा, सावकाश वीस तासांत रिकामी करण्याचा आकडा असतो. जुनी बॅटरी सात-आठ अँपिअरच्या लोडवर त्याच्या निम्मंही देत नाही असं बऱ्याचदा दिसतं. मिळालेली मिनिटं पॅनलवर चिकटवून ठेवा.

## टप्पा ४: निगेटिव्हची वाट

हा टप्पा लोक गाळतात, आणि निम्म्याहून जास्त विचित्र दोष इथेच असतात, असं माझं मत आहे. वायर दिसते, नट आवळलेला दिसतो, ओहम-मीटर ‘शून्य’ दाखवतो, म्हणून निगेटिव्ह चांगलं असा निष्कर्ष निघतो. पण साध्या मल्टिमीटरला ०.०५ ओहम आणि शून्य यांतला फरक कळत नाही, आणि स्टार्टरच्या १०० अँपिअरला तेवढा प्रतिकार ५ व्होल्ट खाऊन टाकतो.

म्हणून ओहम मोजू नका, करंट वाहत असताना व्होल्टचा पडाव मोजा. पद्धत अशी:

१. मीटर डीसी व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर.

२. लाल तार इंजिनाच्या उघड्या धातूवर. मदतनीसाने, दोन्ही इग्निशन बंद ठेवून, स्टार्टर फिरवायचा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा.

३. जास्त आला तर लाल तार एकेक सांधा मागे आणा: इंजिनाकडचं थिंबल, जाळीदार पट्टीचं दुसरं टोक, फायरवॉलचा बोल्ट, बॅटरी केबलचं टोक. ज्या सांध्यावर आकडा एकदम उतरतो, तो सांधा चोर.

४. आता लाल तार पॅनलमागच्या निगेटिव्ह पट्टीवर. सगळे दिवे आणि उपकरणं चालू करा. इथे ०.१ च्या वर काही दिसलं तर तीच वाट सांध्यासांध्याने परत तपासा.

५. प्रत्येक सेन्सर किंवा उपकरणाची निगेटिव्ह वायर जिथे संपते, तिथेही एकदा मोजा.

सापडलेला सांधा नुसता आवळून सोडू नका. उघडा, पावडर-कोटिंग किंवा ॲनोडायझिंग खरवडून चकचकीत धातू काढा, थिंबल बदला, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि झाल्यावर वरून गंजरोधक लावा. आधी नाही. धातू ते धातू बसल्यावर. नटावर रंगाची खूण ओढून ठेवा, म्हणजे सैल झाल्यास दुरून दिसतं.

फायबरच्या किंवा नळ्या-कापडाच्या विमानात बॉडीचा भरवसा धरू नका. फायबरमध्ये तर वाटच नसते, आणि नळ्यांच्या सांगाड्यातून करंट परत आणला की रेडिओत आवाज आलाच. सगळ्या निगेटिव्ह वायरी एकाच ठिकाणच्या पितळी पट्टीवर आणा, आणि तिथून एक जाड केबल बॅटरीकडे.

> पडताळणी: इंजिन आणि फायरवॉल यांच्यातली जाळीदार पट्टी तुटली तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे थ्रॉटल किंवा चोकची केबल. या केबलचं आवरण कुठे वितळलेलं, काळवंडलेलं दिसलं, किंवा स्टार्ट करताना ती हाताला गरम लागली, तर उड्डाण बंद. पट्टीबरोबर केबलही बदला.

## टप्पा ५: पॉझिटिव्हची जाड वाट

पद्धत तीच, बाजू दुसरी. एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या टर्मिनलवर, स्टार्टर फिरवताना ०.५ व्होल्टच्या आत. जास्त असेल तर मास्टर कॉन्टॅक्टरच्या दोन बोल्टांवर मोजा, मग स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर. बंद झालेल्या चांगल्या कॉन्टॅक्टरवर ०.१-०.२ च्या वर पडाव नको.

मास्टरच्या जागी सतत चालणाराच कॉन्टॅक्टर हवा. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर दिसायला तसाच असतो, पण काही सेकंदांसाठी बनवलेला. मास्टरच्या जागी बसवला तर तासाभरात कॉइल भाजते. स्वस्तात मिळतो म्हणून ही अदलाबदल सर्रास होते.

दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर डायोड आहे का बघा. १एन४००७ चालतो. पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. नसेल तर स्विच बंद करताना कॉइलचा झटका स्विचचे संपर्क जाळतो आणि पॅनलवरचा डिस्प्ले अधूनमधून स्वतःच रिस्टार्ट होतो. उलटा लावला तर मास्टर चालू केल्याबरोबर कळेलच.

## टप्पा ६: चार्जिंग

आता, आणि आताच, रेग्युलेटरकडे वळा.

इंजिन गरम करून ३००० फेऱ्यांच्या वर ठेवा आणि व्होल्ट बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. लांब वायरी जोडून मीटर कॉकपिटमध्ये घ्या, काउलिंग लावलेलं असू द्या, प्रोपेलरमागे कोणी वाकून मोजायचं नाही. रोटॅक्सचा रेग्युलेटर १४.२ च्या आसपास, दोन्हीकडे ०.३ सोडून, स्थिर हवा. मंद फेऱ्यांवर १३ च्या खाली असणं हा दोष नाही, तिथे जनरेटरला ताकदच नसते. पॅनलवरच्या डिस्प्लेचा आकडा आणि खुंटीवरचा आकडा जुळतो का तेही याच वेळी बघा. बऱ्याचदा दोष डिस्प्लेच्या फीडच्या वायरीत असतो आणि चार्जिंग उत्तम चालू असतं.

चार्जिंग अजिबात नाही. रेग्युलेटरच्या ‘सी’ टर्मिनलवर मास्टर चालू असताना बॅटरीइतके व्होल्ट येतात का? तिथे काही आलं नाही तर रेग्युलेटर झोपलेलाच राहतो. मग आउटपुटचा फ्यूज. मग प्लग: जनरेटरकडून येणाऱ्या दोन पिवळ्या वायरींचे चपटे टर्मिनल काढून बघा, प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं असेल तर दोष सापडला. शेवटी इंजिन बंद करून, प्लग काढून, पिवळ्या वायरींमध्ये ओहम मोजा. एका ओहमपेक्षा कमी हवेत, आणि दोघींपैकी कुठलीही इंजिनाच्या बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये.

चार्जिंग जास्त, १४.८ च्या वर. रेग्युलेटर फेकायच्या आधी ‘सी’ टर्मिनलवरचे आणि बॅटरीवरचे व्होल्ट एकाच वेळी मोजा. रेग्युलेटर ‘सी’वर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवतो. तिकडे जाणारी वायर झिजलेल्या स्विचमधून फिरून येत असेल आणि वाटेत ०.७ व्होल्ट पडत असतील, तर रेग्युलेटर इमानदारीने तेवढे वाढवून देतो आणि बॅटरी उकळते. वायर बदलली की प्रश्न संपतो.

आकडा नाचतो. बॅटरीची खुंटी, फ्यूजचा धारक आणि २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, याच क्रमाने. कपॅसिटर हा शोभेचा नग नाही. बॅटरीचा संपर्क तुटला तर व्होल्टेज आवरायला तोच असतो. फुगलेला, गळलेला किंवा पाय तुटलेला असेल तर बदला, आणि डबा पट्ट्याने घट्ट बांधा, नुसत्या पायांवर लटकवू नका.

तापल्यावर जातं. रेग्युलेटरचं तापमान मोजा. ८० अंश ही मर्यादा आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकला बाहेरच ४० असतात, काउलिंगच्या आत उभ्या विमानात किती चढतं ते एकदा थर्मामीटर ठेवून बघाच. रेग्युलेटर फायरवॉलच्या कॉकपिटकडच्या बाजूला हलवला किंवा त्याच्यावर हवेची नळी सोडली, तर ‘दर उन्हाळ्यात एक’ ही सवय मोडते.

> सावधान: ‘चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढ, बंद पडलं नाही तर डायनॅमो चांगला’ ही गॅरेजची युक्ती विमानावर कधीही करू नका. बॅटरी सुटल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि पॅनलवरचं सगळ्यात महाग उपकरण आधी जातं.

## टप्पा ७: शाखा, ब्रेकर, स्विच

ब्रेकर किंवा फ्यूज वायरीचं रक्षण करतो, उपकरणाचं नाही. उडतो म्हणून मोठा घातला, की आगीची तयारी झाली. विमानाच्या वायरीच्या जाडीच्या नंबरानुसार (एडब्ल्यूजी) मर्यादा अशा: २२ नंबरला (सुमारे ०.३३ चौरस मिमी) ५ अँपिअरचा ब्रेकर, २० नंबरला (०.५) ७.५, १८ नंबरला (०.८) १०, १६ नंबरला (१.३) १५.

फ्यूज उडत राहत असेल तर तो काढून त्याच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण करंट दोन अँपिअरच्या आत राहतो, काही जळत नाही. आता वायरीचा जुडगा फायरवॉलपासून मागे हाताने हलवत जा. बल्ब जिथे मंदावतो किंवा लुकलुकतो तिथे थांबा. बहुतेक वेळा एखादा नायलॉनचा टाय आवरणात रुतलेला असतो, नाहीतर पत्र्याच्या भोकात रबरी कडी नसते.

उपकरण मंद चालत असेल तर त्याच्या दोन टोकांवर, चालू असताना, व्होल्ट मोजा आणि बॅटरीशी तुलना करा. सतत चालणाऱ्या लोडसाठी जाण्या-येण्याचा मिळून पडाव अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

स्विच घेताना त्यावरची अक्षरं नीट वाचा. बाजारातल्या टॉगलवर ‘६ अँपिअर २५० व्होल्ट एसी’ असतं. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्यासाठी नाही. डीसीचा आकडा छापलेलाच स्विच घ्या.

क्रिम्पला पर्याय म्हणून डाग देऊ नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, वायर तेवढ्या भागात कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच कंपनाने तुटते. क्रिम्प करताना लाल थिंबल २२ ते १८ नंबरला, निळं १६-१४ ला, पिवळं १२-१० ला. सुरुवातीला दोन-चार नमुने करून सामान तोलायच्या हातकाट्याला बांधून ओढा. २२ नंबरच्या वायरीवरचा क्रिम्प ७ किलोला सुटता कामा नये. सुटला तर टूल बदला.

## टप्पा ८: किल वायर, वेगळी आणि प्रत्येक वेळी

वायरिंगचं कुठलंही काम झालं की हे करायचंच. ओहम-मीटर स्विचच्या मागे नको, इंजिनाकडच्या मॉड्यूलच्या टोकाला लावा. स्विच बंद: बॉडीशी जोड. स्विच चालू: जोड तुटलेली. दोन्ही इग्निशनला स्वतंत्रपणे. स्विचच्या मागे मोजलं तर फक्त स्विच तपासला जातो, पुढची दीड मीटर वायर नाही.

मग इंजिन चालवून ४००० फेऱ्यांवर एकेक इग्निशन बंद करा. रोटॅक्स ९१२ मध्ये घट ३०० च्या आत आणि दोन्ही घटींमधला फरक ११५ च्या आत हवा. घट शून्य आली तर खूश होऊ नका. ते इग्निशन बंद झालंच नाही, किल वायर तुटलेली आहे. इंजिन बंद करा, प्रोपेलरपासून लांब राहा, वायर दुरुस्त करा.

## टप्पा ९: रेडिओतला आवाज

थोडक्यात. फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ चार्जिंगकडून येते, फेऱ्यांबरोबर वाढणारी टिकटिक इग्निशनकडून, आणि इंजिन बंद असतानाही येणारी एकसारखी खरखर एलईडीच्या ड्रायव्हरकडून किंवा मोबाइल चार्जरच्या सॉकेटकडून. इंजिन बंद ठेवून एकेक उपकरण चालू करत जा, गुन्हेगार पाच मिनिटांत सापडतो. फिल्टर विकत घेण्याआधी हेडफोन आणि माइकचे जॅक बघा. धातूच्या पॅनलवर ते थेट बसवलेले असतील तर इन्सुलेटिंग वॉशर घालून वेगळे करा आणि त्यांचं निगेटिव्ह फक्त रेडिओ किंवा इंटरकॉमपाशी जोडा.

## टप्पा १०: आपल्या हवेची आणि आपल्या रस्त्याची देखभाल

ओझर आणि नाशिकमधल्या गांधीनगरच्या धावपट्ट्या आपल्यासाठी मोकळ्या नाहीत, त्यामुळे नाशिकच्या शेडमध्ये बांधलेलं विमान बऱ्याचदा पंख काढून, ट्रेलरवर, मुंबई-आग्रा महामार्गाने दुसरीकडे नेलं जातं. त्या प्रवासातली कंपनं उड्डाणापेक्षा वाईट. पोहोचल्यावर पंखांच्या मुळाशी असलेले दिव्यांचे कनेक्टर, बॅटरीच्या खुंट्या आणि ॲन्टेनाचे बीएनसी कनेक्टर, एवढं हाताने ओढून बघितल्याशिवाय मास्टर चालू करू नका.

पावसाळ्याआधी: कनेक्टरमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस, प्रत्येक वायर उपकरणाच्या खाली लोंबून मग वर जाईल असं वळण (पाणी टोकाला न जाता वळणावरून गळतं), बॅटरी काढून घरी मेंटेनन्स चार्जरवर. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे वरून थेंब पडतात, त्यामुळे पॅनलवर कापड टाका, प्लास्टिक नको. प्लास्टिकखाली ओल धरते.

शेड द्राक्षबागेलगत असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारण्या सुरू होतात. गंधकाचा आणि बोर्डोचा तुषार उघड्या तांब्यावर बसला की ते काळं-हिरवं पडतं. फवारणीच्या दिवसांत दार वाऱ्याच्या बाजूने बंद ठेवा आणि हंगामात एकदा टप्पा ४ परत करा. निफाडकडची थंडी हा वेगळा त्रास: डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे अशक्त बॅटरी उघडी पडते, पण त्याच वेळी घट्ट झालेलं तेलही स्टार्टरला जड जातं. तेव्हा बॅटरीला दोष देण्याआधी दुपारी एकदा मोजा.

आणि उंदीर. शेतातल्या शेडमध्ये पीक निघालं की ते आत येतात. पंखाच्या आत, सीटखाली, शेपटीच्या नळीत लेंड्या दिसल्या तर जवळचा वायरीचा जुडगा इंचन्‌इंच बघा. कुरतडलेल्या वायरीवर टेप नको, तुकडा बदला.

## टप्पा ११: सेवेत परत

आधी जमिनीवर इंजिन, सगळे लोड चालू, वीस मिनिटं. मग इंजिन बंद करून, काउलिंग काढून हाताने स्पर्श करत जा: कुठलंही थिंबल किंवा ब्रेकरचं टोक शेजाऱ्यांपेक्षा गरम असेल तर ते उघडा. मग वेगाने टॅक्सी, म्हणजे खडबडीत जमिनीवर काही लुकलुकतं का ते कळतं. मग धावपट्टीच्या वरच्या वर फेऱ्या. हवेत ब्रेकर उडाला तर उतरेपर्यंत तसाच ठेवा. धुराचा वास आला तर मास्टर बंद, इंजिन स्वतःच्या इग्निशनवर चालू राहतं.

विमान ज्या परवानगीवर उडतं तिच्या अटींमध्ये वायरिंगमधला बदल कोणी तपासून सही करायचा ते बघा, आणि सहीशिवाय उडू नका. लॉगबुकात ‘रेग्युलेटर बदलला’ एवढंच लिहू नका. बदलाआधीचे आणि नंतरचे व्होल्ट, कुठे मोजले, किती फेऱ्यांवर, हेही लिहा. नकाशावर त्याच दिवशी दुरुस्ती करा. काढलेल्या नगावर मार्करने तारीख आणि ‘चांगला’, ‘खराब’ किंवा ‘तपासला नाही’ यांपैकी एक लिहून मगच तो खोक्यात टाका.